वापरून सांगजा

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. गोमतीबाई पटले अंगणात लाखोळीची भाजी निवडत बसली होती. उदाराम लोहार फाटकातून आत आला तो सायकल हातानं ढकलत. कोहमाऱ्याच्या चौकापासून तिचं गाव चार किलोमीटर. एवढ्या वाटेत तो एकदाही सायकलवर बसला नसावा, हे त्याचे घोट्यापर्यंत धुळीनं भरलेले पाय सांगत होते.

तो ओट्यावर टेकला, तांब्याभर पाणी प्याला, आणि पिशवीतून जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढून त्यानं तिच्यासमोर ठेवली.

सुरा होता. वीतभर पातं, घडी न होणारं. तिवसाच्या लाकडाची मूठ दोन पितळी खिळ्यांनी पक्की बसवलेली. पात्याच्या बुडाशी उदारामची खूण, तीन ठिपके. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांचं पोलाद तो कोहमाऱ्याच्या गॅरेजांतून उचलायचा आणि त्यातून विळे, कुऱ्हाडी, सुऱ्या घडवायचा. चाळीस वर्षं हेच.

"हा ठेवा बाई," तो म्हणाला. "दोन महिने वापरा. सैपाकात, वावरात, कुंपनाले, जिथं हात जाईन तिथं. मंग मले सांगजा, कसा आहे ते."

"मी तं मांगितला नोहोता, दादा."

"हाव. आता कोनीच मांगत नाई." उदाराम हसला नाही. "मांगच्या वर्सापरेंत दिवाळीच्या अगोदर माया भट्टीवर लोक उभे राहत. औंदा कापनी सुरू होताना सात विळे गेले, मंग विळ्याले कोनी आलं नाई. सात. लोक भेटतेत, रामराम करतेत, चहा पाजतेत. कामाचं नाव काढत नाईत. मी इचारलो तं म्हनतेत, पाहू, सध्या आहे घरी. मायं काही चुकून राहिलं का, कोनी सांगत नाई."

"मंग मलेच काऊन इचारता?"

"तुमी त्या वर्सी कुऱ्हाड परत आनली होती."

गोमतीबाईला ते आठवलं. लग्न होऊन ती या घरी आली त्याला तेव्हा पाचच वर्षं झाली होती. उदारामनं दिलेली कुऱ्हाड दुसऱ्याच दिवशी दांड्यातून ढिली झाली. ती कोहमाऱ्याला गेली आणि भर गिऱ्हाइकांत म्हणाली की कुऱ्हाडीचं भोक वाकडं पाडलंय. सासऱ्यांनी घरी आल्यावर तिला बोल लावले होते. उदारामनं मात्र कुऱ्हाड उलटीसुलटी करून पाहिली, "हाव, वाकडंच आहे," म्हणाला, आणि दुसरी करून दिली.

"तुमी तोंडावर बोलता," तो आता म्हणाला. "म्हनून तुमच्याकडं आलो."

तो गेला. सायकल ढकलतच गेला. गोमतीबाई सुरा मांडीवर घेऊन बराच वेळ बसून राहिली. कारण लोक काम का देत नाहीत हे तिला ठाऊक होतं. जे झालं होतं ते तिच्याच वावरात झालं होतं.

कार्तिकात धान कापायला बाया लागल्या होत्या. त्यात सुलोचनाबाई होती, नवऱ्यामागे एकटी राहणारी, कामाला सगळ्यांत पुढे. दुपारी जेवणं होऊन बाया पुन्हा रांगेत लागल्या आणि तासाभरात सुलोचनाबाईच्या हातातला विळा मुठीजवळ तुटला. वाकला नाही, काच तुटावी तसा तुटला. तुटलेलं पातं डाव्या हाताच्या तळव्यावरून सरकलं. धानाच्या पेंढीवर रक्त पडलं. गोंदियाला नेलं, टाके पडले, जखम भरली. पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आता वाकत नव्हती. आतल्या शिरा तुटल्या होत्या.

विळा उदारामचा होता. त्याच वर्षीचा.

दवाखान्यातून परत येताना जीपमध्ये सुलोचनाबाईनं गोमतीबाईचा हात धरून सांगितलं होतं, "लोहारदादाले कोनी सांगू नोका." तिच्या नवऱ्याला कोहमाऱ्याच्या चौकात ट्रकनं उडवलं तेव्हा लोक भोवती उभे राहून पाहत होते. उदारामनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. गाडी येईपर्यंत, आणि आल्यावर काही उपयोग नव्हता तरी, त्यानं ते खाली ठेवलं नव्हतं. सुलोचनाबाई हे विसरली नव्हती. गावानंही तिचं ऐकलं. कोणी काही बोललं नाही. फक्त विळे सडक अर्जुनीच्या बाजारातून, कारखान्यातले यायला लागले.

संध्याकाळी गोमतीबाईनं नवऱ्याला सुरा दाखवला. कन्हैयालालनं तो हातात तोलून पाहिला.

"चांगला आहे म्हनून सांगून दे," तो म्हणाला. "म्हातारं मानूस. कायले दुखवते?"

"वापरल्याबिगर कसा चांगला म्हनू?"

"मंग वापर. अन् चांगला आहे म्हनून सांग."

तिनं दुसऱ्या दिवसापासून तो वापरायला घेतला. घरातली भाजी चिरायची पावशी तिनं फळीखाली सरकवून ठेवली, म्हणजे सवयीनं हात तिकडे जायला नको. पहिल्या दिवशी वांगी चिरली. मग कांदे, मुळे, कोहळं. पातं कोहळ्यातून असं गेलं की तिला जोरच लावावा लागला नाही. पिकलेला टमाटा तिनं नुसता पात्यावर ठेवला आणि ओढला, साल दबली नाही. मूठ हातात बसत होती. ओल्या हातानंही फिरत नव्हती. मनातल्या मनात तिनं हे सगळं बाजूला मांडून ठेवलं.

मग बाहेरची कामं. धानाच्या पोत्यांची सुतळी, बकरीसाठी पिंपळाच्या डहाळ्या, बैलाचा जुना कासरा. वाटाण्याच्या वेलाला आधार द्यायला तिनं बारीक काड्या तासल्या. सुरा चालला. पंधरा दिवसांनी एकदा पाट्यावर धार लावली, तेव्हा ती उशिरानं चढली, पण पक्की चढली. गोमतीबाईला हलकं वाटायला लागलं. एखादा विळा वाईट निघू शकतो, लोखंडातच खोट असेल, असं ती स्वतःशी म्हणायची. माणसाचा हात चाळीस वर्षांनी एकाएकी कसा बिघडेल?

माघात बांधावरच्या बोडीतलं पाणी उपसलं आणि टोपलीभर मासे निघाले. गोमतीबाईनं ते सगळे त्याच सुऱ्यानं साफ केले. खवले, पोट, कल्ले. एका मोठ्या मासोळीचं डोकं तोडताना पातं हाडावर थांबलं. तिनं मनगट दाबलं, हाड तुटलं. नंतर सुरा धुऊन पुसताना तिच्या बोटाला धारेत काहीतरी लागलं. उजेडात धरला तर तांदळाच्या कणीएवढी खांड दिसली.

एक खांड काही मोठी गोष्ट नव्हती. तिनं ती घासून काढली. त्याला दोन दिवस लागले, पातं एवढं कडक होतं.

मग कुंपणाचं काम निघालं. दरवर्षी होळीच्या आधी कन्हैयालाल बांबू आणायचा आणि ती फोडायची. बांबूच्या तोंडावर पातं ठेवायचं, पाठीवर लाकडाच्या ठोकळ्यानं मारायचं, पातं खाली खाली सरकवत न्यायचं. हे काम सुऱ्यानं सगळेच करतात, त्यात जबरदस्ती काही नव्हती. पहिला बांबू नीट फुटला. दुसराही. तिसऱ्याच्या गाठीवर तिनं ठोकळा मारला आणि काहीतरी टणकन वाजलं. त्याच क्षणी तिच्या डाव्या डोळ्याखाली जळजळलं.

कन्हैयालाल धावत आला. तिनं गालाला हात लावला तर बोटं लाल झाली. पोलादाचा बारीक तुकडा गालात रुतला होता. डोळ्यापासून एक बोट खाली.

कन्हैयालालनं तो चिमटीनं काढला. हळद भरली. उठताना म्हणाला, "सांगून टाक त्याले." पहिल्या दिवशी जे म्हणाला होता त्याबद्दल त्यानं शब्द काढला नाही.

तिनं तो तुकडा काडेपेटीत ठेवला.

दोन महिने व्हायला अजून आठ दिवस होते. ते तिनं पूर्ण केले. भाजी चिरली, सुतळी कापली, जे काम नीट होत होतं ते होऊ दिलं. कोणी म्हणायला नको की एका ठोक्यावर निकाल दिला. मग ती सुलोचनाबाईच्या घरी गेली.

सुलोचनाबाई दारात बसून मोहाच्या झाडाखाली टाकायच्या जाळ्या शिवत होती. मोह पडायला सुरुवात झाली नव्हती, पण तयारी होती. दोन ताठ बोटं बाजूला ठेवून ती तीन बोटांनी दोरा ओढत होती.

"मी त्याले सुऱ्याचं सांगनार आहे," गोमतीबाई म्हणाली. "तुयं सांगू का?"

"नोका सांगू."

"काऊन? तुया हात गेला, बाई. रोवन्याले तुले कोन बोलावन? डाव्या मुठीत रोपाची पेंढी धरता येते का?"

"नाई येत." सुलोचनाबाईनं शिवण थांबवलं नाही. "पन त्याच्यानं मायी बोटं वाकनार आहेत का? सुरा तुटला एवढं पुरे आहे त्याले. त्याले समजन."

गोमतीबाईनं वचन दिलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

होळीनंतर तिसऱ्या दिवशी ती कोहमाऱ्याला गेली. उदारामची भट्टी हमरस्त्याच्या मागे, टायरवाल्यांच्या रांगेपलीकडे होती. टिनाची शेड, कोळशाचा ढीग, ऐरण, पंख्याची मोटर. उदारामची बायको शामकला घण मारत होती. तिशी सरायच्या आधीपासून ती तो घण मारत आली होती. तिची मनगटं पुरुषासारखी जाड होती आणि बोलणं फार थोडं.

"गोमतीबाई आल्या," शामकला म्हणाली. उदारामनं मान वळवली, पण गोमतीबाई बोलेपर्यंत त्याची नजर जरा बाजूलाच राहिली.

तिनं सुरा त्याच्या हातात दिला. मनात ठरवून आणलेलं सगळं तिला सांगायचं होतं, आधी चांगलं, मग वाईट.

"जसं झालं तसं सांगा," तो म्हणाला.

तिनं तसंच सांगितलं. भाजी, सुतळी, मुठीची पकड, पंधरा दिवस टिकलेली धार. मग मासोळीचं हाड. मग बांबू. गालाचंही सांगितलं. उदाराम ऐकत होता आणि अंगठ्याचं नख धारेवरून हळूहळू नेत होता. नख अडलं. पुढे गेलं. पुन्हा अडलं.

"एक मोठी अन् दोन लहान," तो म्हणाला.

"हाव."

तिनं काडेपेटी उघडून तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं तो चिमटीत धरून दाराच्या उजेडाकडे नेला, मग डोळ्याच्या अगदी जवळ आणला, मग पुन्हा लांब. शेवटी तो बायकोला म्हणाला, "पाहा बरं. तुटली जागा कशी दिसते?"

शामकलानं तुकडा घेतला नाही. तिनं जागेवरूनच सांगितलं. "साखरेवानी."

"राखेवानी नाई?"

"साखरेवानी. मोठे मोठे दाने."

गोमतीबाईला याचा अर्थ तेव्हा कळला नाही. उदारामनं तो तिला सांगितला, पण आवाज असा की जणू शिकाऊ पोराला पहिला धडा देतोय. नीट तापवलेलं पोलाद तोडलं तर आतून राखेसारखं बारीक दिसतं. प्रमाणाबाहेर तापवलं तर त्याचे दाणे मोठे होतात आणि ते ठिसूळ होतं. विस्तवात पातं पिकल्या उंबराएवढं लाल झालं की बाहेर काढून विझवायचं. पळसफुलाचा रंग आला तर उशीर झाला. मग मंद आचेवर परत धरायचं, पात्यावर तनसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, पिवळा रंग चढेपर्यंत, म्हणजे कडकपणा थोडा उतरतो. सगळं रंगावर असतं.

"अन् मले रंग दिसून नाई राहिला," तो म्हणाला. "मधोमध कारं कारं दिसते. कडेकडेनं दिसते. मले वाटे शेडमंधी उजेड कमी आहे."

रस्त्यावरून एक लांब ट्रेलर गेला, शेडचं टिन थरथरलं.

"तुले दिसत होतं?" त्यानं बायकोला विचारलं.

"पळसफूल होऊन राहिलं होतं," शामकला म्हणाली. "तुमी म्हनत, आता उंबर झाला. मी एकदा म्हटली होती तुमाले."

"कधी?"

"पोळ्याच्या वक्ती. तुमी म्हटले, तू घन मार."

उदारामनं मान खाली घातली. मग त्यानं गोमतीबाईकडे तोंड केलं. "बाई, तुमाले लागलं ते तुमी सांगितलं. तुमच्याआधी कोनाले लागलं?"

गोमतीबाईच्या तोंडावर बोलण्याची या माणसाला एवढी खात्री होती, आणि तीच आता जमिनीकडे पाहत होती.

"सुलोचनाबाईले," शामकला म्हणाली. "कापनीत. विळा तुटला. डाव्या हाताची दोन बोटं गेली. आहेत जाग्यावर, पन गेली."

गोमतीबाईनं चमकून पाहिलं. शामकलाला ठाऊक होतं. कापणी चालू असतानाच बाजारात कोणी बाई बोलली होती, तेव्हापासून.

"चार महिने," उदाराम म्हणाला. तो ओरडला नाही. त्याचा हात ऐरणीवर होता, आणि बोटं ऐरणीची कड घट्ट धरत होती, सोडत होती. "चार महिने तुले ठाऊक होतं. अन् त्याच्यानंतर मी तीन कुऱ्हाडी देलो."

शामकलानं घण खाली ठेवला. सुलोचनाबाईचं झालं ते झालं, आता सांगून काय, एवढाच विचार तिनं केला होता. त्या कुऱ्हाडींचा तिला विचारच आला नव्हता. गोमतीबाईलाही नाही, गावात कोणालाच नाही. सगळ्यांनी म्हाताऱ्याच्या मनाला जपलं होतं.

"कुऱ्हाडीचा तुकडा उडला तं जीव जाईन," म्हणत उदाराम उठला. "चाल."

पहिली कुऱ्हाड दोनशे पावलांवर होती, चौकातल्या एका ढाब्यात. मागच्या अंगणात ढाब्याचा आचारी बकाराम तिनंच लाकडं फोडत होता. उदारामनं कुऱ्हाड परत मागितली तेव्हा त्याला हसू आलं.

"अरे दादा, बढिया चल रही है. काय झालं?"

"खोटी आहे. दे."

"माझ्याकडून तर काही तक्रार नाही."

उदारामनं कुऱ्हाड घेतली, दगडी पायरीवर आडवी ठेवली, धारेवरून हात फिरवून कोपरा शोधला आणि हातोडीनं एक मारला. फार जोरात नाही. कोपरा निखळून पायरीवरून खाली घरंगळला. लाकडं रचणारी माणसं थांबली. बकारामनं खाली वाकून तो तुकडा उचलला, बघितला, आणि लाकडं रचणाऱ्यांना दाखवला.

दुसऱ्या दोन कुऱ्हाडी संध्याकाळपर्यंत मिळाल्या. गोमतीबाई तोपर्यंत त्यांच्यासोबत होती. एकीला आधीच बारीक तडा गेलेला निघाला. उदाराम बोटानं तो तडा चाचपत राहिला, आणि त्या घरच्या माणसानं चहा पुढे केला तेव्हा त्याला तो घेता आला नाही.

सुलोचनाबाईकडे तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. शामकला सोबत होती, ती दाराबाहेरच थांबली. गोमतीबाईला सुलोचनाबाईनं निरोप पाठवून बोलावून घेतलं होतं.

"तुमी सांगितलं," सुलोचनाबाई तिला म्हणाली.

"मी नाई. पन सांगितलं असतं."

उदाराम खाली जमिनीवर बसला. सुलोचनाबाईनं खाट सरकवली तरी तो उठला नाही.

"हात दे," तो म्हणाला.

"पाहाले आले का माफी मागाले?"

"पाहाले. माफी मागून बोट वाकत असतं तं मागितली असती."

तिनं डावा हात पुढे केला. त्याला दिसत नव्हतं म्हणून त्यानं तो बोटांनी पाहिला. तळव्यावरचा आडवा वण, टाक्यांच्या गाठी, मग ती दोन बोटं. त्यानं त्यांची पेरं हळूच दाबून पाहिली, लोखंडाचा तुकडा तपासावा तशी. सुलोचनाबाई दुसरीकडे पाहत होती. तिचा नवरा गेला त्या दिवशी ती रडली नव्हती असं गावात सांगत. आता तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला तिनं हात सोडवून घेतला नाही.

"दुखते का?"

"थंडीत दुखते."

"तू सांगाले पायजे होतं, बाई."

"तुमी त्याचं डोकं धरून बसले होते," ती म्हणाली. "मी कशी सांगू?"

"त्याचा याच्याशी संबंध नाई." उदारामचा आवाज पहिल्यांदा फाटला. "ते वेगळं. ते मानसाचं मानसाले होतं. हे माया हाताचं काम होतं. ते सांगाचं असते."

उठताना त्यानं तिच्याकडे जुना विळा, पावशी, जे काही त्याच्या हातचं होतं ते मागितलं. दोन वर्षांतलं असेल तेवढंच. तिनं आणून दिलं.

त्यानंतर चैत्र संपेपर्यंत उदाराम आणि शामकला गावोगाव फिरले. ती पोतं खांद्यावर घेऊन पुढे, तो तिच्या खांद्याला हात लावून मागे. एसटी मिळाली तिथे एसटीनं, नाही तर पायी. घराच्या दारात उभं राहून तो म्हणायचा, "गेल्या दोन वर्सांत माया हातचं काही नेलं असन तं वापस द्या." लोकांना हे अवघड जायचं. काही म्हणायचे, आमचं तर चांगलं आहे. काही जण घरात असूनही बाहेर आले नाहीत. एका म्हाताऱ्यानं विळा दिला नाही, कारण तो त्याच्या सुनेच्या माहेरून भेट म्हणून आला होता. उदारामनं त्याच्या दारात बसून कानस काढली, विळ्यावर फिरवली, आवाज ऐकला आणि म्हणाला, "हा बरा आहे. हा ठेवा." सगळेच खोटे नव्हते. पण कोणता खरा आणि कोणता खोटा हे त्याचं त्याला आठवून सांगता येत नव्हतं, म्हणून तो प्रत्येकाला कानस लावत होता.

गावात दोन मतं पडली. कोणी म्हणालं, एवढं करायची गरज नव्हती, स्वतःच स्वतःचं नाव घालवलं. कन्हैयालाल अशा वेळी उठून जायचा. एकदा मात्र तो पारावर म्हणाला, "आपन चार महिने गप बसलो. नाव कोनाचं गेलं ते आपल्या मनाले इचारा."

वैशाखात उदारामचे डोळे तपासले. एका डोळ्यात मोतीबिंदू होता, तो काढला. मधला काळा डाग वेगळा होता, आणि तो दोन्ही डोळ्यांत होता. तो जाणार नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ऑपरेशननंतर त्याला माणसं जरा बरी दिसू लागली. विस्तवातला रंग नाही. त्यानं एकदा भट्टीसमोर बसून पाहिलं, शामकलाला विचारलं, "आता कसा?" ती म्हणाली, "उंबर." त्याला वाटत होतं अजून काळंच आहे. तो उठला आणि आपल्या जागेवर त्यानं तिला बसवलं. घण मारायला तो स्वतः उभा राहिला.

ज्येष्ठात शामकला एकटी गोमतीबाईकडे आली. तिच्या हातात नवा सुरा होता. पात्यावर ठिपके नव्हते.

"मी तापवला," ती म्हणाली. "वापरून सांगजा."

गोमतीबाईनं तो वापरला. पाऊस जवळ आला होता, कामांना तोटा नव्हता. फणस चिरला, तेंदूपानांच्या पुड्यांची दोरी कापली, गोठ्याच्या छपराला कामट्या लागल्या तेव्हा मुद्दाम बांबू फोडला. गाठीवर मारताना तिचं मनगट क्षणभर थांबलं. मग तिनं चेहरा बाजूला करून मारलंच. काही तुटलं नाही. पण संध्याकाळी धार पाहिली तर ती एका बाजूला वळली होती, पत्र्याची कड वळावी तशी.

पंधरा दिवसांनी शामकला विचारायला आली. गोमतीबाईनं चहा टाकला आणि सुरा तिच्यासमोर ठेवला.

"तुटत नाई," ती म्हणाली. "पन मऊ आहे. बांबूवर धार वळली. कांद्याले दर दोन दिवसांनी घासा लागते."

शामकलानं पातं उजेडात धरलं. तिला सगळं दिसत होतं.

"तनसाचा रंग आला होता," ती हळू म्हणाली. "बरोबर आला होता. मी तरीही धरून ठेवली. निळं होईपर्यंत."

"काऊन?"

"भेव वाटलं. कडक राहिला अन् कोनाच्या हातात तुटला तं?"

गोमतीबाईनं तिच्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं घण मारलेली बाई, आणि ती अंगठ्यानं वळलेली धार सरळ करू पाहत होती. "मऊ आहे" असं म्हणताना आपण जरा हळू बोलायला हवं होतं, असं तिच्या मनात आलं. पण मग तिनं तो विचार सोडून दिला.

"वैनी, असा कोनी नेनार नाई," ती म्हणाली. "पिवळ्यावर काढा. मी पुन्हा वापरन."

"अन् तुटला तं?"

"तं येऊन सांगन. त्याच दिवशी."

शामकलानं मान हलवली. सुरा फडक्यात गुंडाळला. चहा अर्धाच प्याली होती, पण ती उठली. भट्टीवर उदाराम एकटा होता, आणि ती नसताना त्यानं विस्तव पेटवायचा नाही, असं दोघांनी ठरवलं असलं तरी तिला त्याची खात्री नव्हती.